टपावर सायकल, भरवसा हवेवर: सक्शन रॅक घ्यायचा की नाही?

कारच्या काचेला चिकटवलेला मोबाइल होल्डर भर मे महिन्यात टपकन खाली पडतो, हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतला असेल. मॅपवर बाई सांगतेय ‘पुढे डावीकडे वळा’ आणि मोबाइल गिअरच्या पायथ्याशी पडलेला. आता कल्पना करा, तसाच सक्शन कप, फक्त आकाराने मोठा. मोबाइलच्या जागी बारा किलोची सायकल. आणि ती चिकटवलीय कारच्या टपावर, ताशी ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या.

पहिल्यांदा असा व्हिडिओ बघितला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी लाइक्ससाठी वेडेपणा करतंय. नंतर मी स्वतःच तो रॅक लावून पुण्याहून वाईला जाऊन आलो. त्या प्रवासात जे समजलं ते या लेखात सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. ऑनलाइन दुकानांत याला ‘बाइक रॅक’ म्हणतात. आपल्याकडे बाइक म्हणजे मोटारसायकल. इथे विषय पायडल मारायच्या सायकलचा आहे.

हा विषय आत्ताच का निघाला?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या म्हणजे यूसीआयच्या कॅलेंडरवरची, अनेक दिवस चालणारी रोड रेस पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आली आणि सायकलीकडे ‘व्यायामाचं साधन’ म्हणून बघणारी पोरं गिअर रेशो बोलायला लागली. अशा शर्यतींत टीमच्या गाड्यांच्या टपावर सुट्या सायकली रांगेत उभ्या असतात. दिसायला ते प्रकरण इतकं भारी असतं, की आपल्याही गाडीवर तसं काहीतरी हवं असं वाटणं साहजिक आहे.

अडचण अशी, की टीमच्या गाड्यांवरचे रॅक टपावरच्या आडव्या दांड्यांना नट-बोल्टने आवळलेले असतात. आपल्या साध्या हॅचबॅकला टपावर रेलच नसतात. काही छोट्या एसयूव्हींना रेल असतात, पण त्यांचं मॅन्युअल उघडून बघा, काहींत सरळ लिहिलेलं असतं की हे रेल शोभेचे आहेत, त्यावर वजन लादू नका. मागे पट्ट्यांनी बांधायचा रॅक घ्यावा तर सायकल नंबर प्लेट आणि टेललाइट झाकते. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायच्या मुदती २०२५ मध्ये एकामागून एक वाढत गेल्या, ते आठवत असेलच. एवढ्या धावपळीने लावलेली प्लेट सायकलच्या चाकाआड लपवून हायवेला लागणं म्हणजे दंडाची पावती स्वतःहून मागून घेणं.

मग उरतो सक्शन रॅक. ना रेल लागत, ना ड्रिल. पाच मिनिटांत लावा, काढून डिकीत टाका. भाड्याच्या किंवा मित्राच्या गाडीलाही चालतो. म्हणून रील्समध्ये तो दिसतो आणि म्हणून ऑनलाइन दुकानांत त्याच्या स्वस्त नकला भराभर येतायत.

चिकटतो कसा?

सक्शन कप ‘ओढून’ धरतो असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात घडतं उलटं. कपाच्या आतली हवा काढली, की बाहेरची हवा त्याला टपावर दाबून धरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. आपण त्यातच वाढलो, म्हणून तो जाणवत नाही. सतराव्या शतकात जर्मनीत ओटो फॉन गेरिके याने धातूचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा पंपाने काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपूनही ते अर्धगोल सहजी सुटेनात. हे ‘माग्देबुर्गचे अर्धगोल’ शाळेत वाचलेले असतात. टपावरचा रॅक त्याच घराण्यातला.

आता हिशोब करू. या प्रकारातलं सगळ्यात जुनं-जाणतं नाव म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडाची सीसकर कंपनी. त्यांचा मुख्य कप सहा इंच व्यासाचा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या थोडा वर. क्षेत्रफळ येतं साधारण १८२ चौरस सेंटिमीटर. आतली सगळीच्या सगळी हवा काढता आली असती तर एका कपाला उचकटायला जवळजवळ १८८ किलोचा जोर लागला असता. हातपंपाने एवढी पोकळी कधीच होत नाही, शिवाय थोडी राखीव ताकद ठेवावी लागते. कंपनी एका कपाला २१० पौंड, म्हणजे साधारण ९५ किलो रेटिंग देते. आपल्या आकड्याच्या निम्मं. म्हणजे हा आकडा हवेतून काढलेला नाही. (काढलेला हवेतूनच आहे, पण गणित करून!)

एका सायकलला पुढच्या फोर्कखाली तीन कप आणि मागच्या चाकाखाली एक. बारा किलोच्या सायकलला नुसते पुढचे धरले तरी तीन गुणिले ९५. वाचून माणूस निश्चिंत होतो. मीही झालो. पण इथेच एक चूक होते.

खोक्यावरचा आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे?

तो आकडा सांगतो, की स्वच्छ, गुळगुळीत, सपाट पृष्ठभागावर, पूर्ण पंप केलेला कप सरळ वर ओढला तर किती जोर झेलेल. आपल्या टपावर यातली एकही अट पूर्ण असेलच असं नाही.

पहिलं म्हणजे वारा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. माझ्या ढोबळ हिशोबाने उभ्या सायकलवर ताशी ८० ला नऊ-दहा किलोचा जोर येतो आणि १२० ला तो वीस किलोच्या आसपास जातो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. हा जोर टपापासून अर्धा मीटर वर लागतो, म्हणजे सायकल पहारीसारखी काम करते आणि पुढचे कप उचकटायला बघते. शेजारून मोठा ट्रक गेला की हाच जोर आडवा बसतो.

दुसरं, खड्डे. खड्ड्यात किंवा न रंगवलेल्या स्पीड ब्रेकरवर गाडी आदळली, की क्षणभर बारा किलोची सायकल तीन-चार पट जड होते.

तिसरं, उंची. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-एक टक्के कमी. पाचगणी तेराशे मीटरच्या घरात, तिथे चौदा-एक टक्के कमी. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तर एक तृतीयांशाहून जास्त कमी. बाहेरची हवाच विरळ झाली तर दाबून धरणारा हात सैल होणारच. आणि पुण्यात पंप करून घाट चढलात, तर कपाच्या आत राहिलेली थोडी हवा तेवढीच राहते आणि बाहेरचा दाब तेवढा घटतो.

हे सगळं धरूनही नीट लावलेल्या चांगल्या कपाकडे पुरेशी ताकद उरते. सायकल ‘जड’ म्हणून रॅक सुटणं दुर्मीळच. रॅक सुटतो तो हवा आत शिरल्याने. कपाच्या कडेखाली वाळूचा एक कण, टपावरचा एक उठाव, रबराला गेलेली एक बारीक चीर, एवढं पुरतं. हवा हळूहळू आत येते. दहा मिनिटांत काही होत नाही, चाळीस मिनिटांतही नाही. आणि मग एका खड्ड्याला होतं.

म्हणून खरा प्रश्न ‘किती किलो झेलेल?’ हा नाही. ‘हवा गळायला लागली तर मला कळेल का?’ हा आहे.

दोन प्रकारचे कप, एक मोठा फरक

बाजारात साधारण दोन प्रकार मिळतात. एक पंपाचा. कपाच्या बाजूला छोटा दट्ट्या असतो, तो अंगठ्याने दाबत राहायचं आणि हवा बाहेर काढायची. आत स्प्रिंग असते. आतली पोकळी टिकून असेल तर दट्ट्या आत ओढलेला राहतो. हवा गळली की तो हळूहळू बाहेर येतो आणि त्याच्यावरची रंगीत रेघ दिसायला लागते. सीसकरच्या पंपावर ती केशरी आहे. रेघ दिसली म्हणजे पुन्हा पंप करा, कप काढायचीही गरज नाही. मोठ्या काचा हाताळणारे कारागीर वापरतात त्या हातातल्या व्हॅक्यूम कपांवरही अशीच रेघ असते, कारण तिथे चूक झाली तर काच पायावर येते.

दुसरा प्रकार खटक्याचा किंवा पिळायचा, आपल्या मोबाइल होल्डरसारखा. खटका दाबला की कपाचा मधला भाग वर उचलला जातो आणि आत थोडी पोकळी होते. लावायला सोपा, पाडायला स्वस्त. पण त्यात हवा गळतेय हे दाखवणारं काहीच नसतं. खटका जसाच्या तसा बंद दिसतो आणि आतली पकड निम्मी झालेली असते. मोबाइल होल्डर तरी कुठे सांगून पडतो?

हा प्रकार काचेला कॅमेरा लावायला चालेल. सायकल घेऊन हायवेवर जायला मी तो वापरणार नाही, मग खोक्यावर कितीही किलो लिहिलेले असोत.

ऑनलाइन घेताना आणखी दोन गोष्टी बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू कुठल्या देशात बनली ते विक्रेत्याने दाखवायला हवं. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता पाकिटावर हवा. हे नसेल तर उद्या तक्रार करायची कुणाकडे? आणि टपावरच्या कॅरियरसाठी आयएसओ ११,१५४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. लिस्टिंगमध्ये कुठल्याही चाचणीचा उल्लेख नसेल आणि नुसतं ‘हेवी ड्यूटी, सुपर स्ट्राँग’ असेल तर ती जाहिरात आहे, माहिती नाही.

माझी चूक, खेड शिवापूरला कळलेली

माझा रॅक पंपाचा होता. पहाटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये टप पुसला, कप ओल्या फडक्याने पुसले, पंप केले, सायकल चढवली. हलवून बघितली तर सायकल जागची हलेना, सायकलबरोबर सगळी गाडी डुलायला लागली. मस्त वाटलं. मागचा कप मागच्या काचेवर आला होता, त्यामुळे डिकी उघडता येईना, हे सामान आत टाकायच्या वेळी कळलं. पुढचं काढलेलं चाक आणि बॅगा मागच्या सीटवर गेल्या.

कात्रजचा बोगदा झाला, खेड शिवापूरच्या पुढे चहाला थांबलो. चहा येईपर्यंत सहज कप बघितले. चारपैकी तिघांचे दट्ट्ये आत. चौथ्याची रेघ बाहेर.

कंपनीचा दोष नव्हता. छोट्या गाड्यांचा पत्रा पातळ असतो आणि तो कडक राहावा म्हणून टपावर लांब उठाव पाडलेले असतात. पहाटेच्या अंधारात मी कपाची कड अशा एका उठावावर ठेवली होती. पार्किंगमध्ये तो व्यवस्थित चिकटला, गाडी हलायला लागल्यावर तिथून हवा गळत राहिली. थांबलो नसतो तर पुढे खंबाटकी घाट होता.

मी सायकल उतरवून कप सरकवत होतो तेव्हा शेजारी एक गृहस्थ मोटारसायकल लावून चहा पीत होते. टाकीवर छोटा मुलगा बसलेला, मागे बायको. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “दादा, ही नुसती चिकटवलीय व्हय?”

मी म्हटलं, “हो, पण घट्ट बसते.”

ते म्हणाले, “घट्ट बसू द्या बाबा. आमी मागंच हाय तुमच्या.”

त्या वाक्यानंतर मला ९५ किलोचा आकडा आठवला नाही. सायकल पडली तर माझं नुकसान फार तर काही हजारांचं. मागे दुचाकीवर असलेल्या माणसाचं नुकसान पैशांत मोजता येणार नाही. रॅकची वॉरंटी रॅकपुरती असते, मागून येणाऱ्याची नाही. तिथून पुढे मी दर अर्ध्या तासाला थांबलो आणि वेग सत्तर-ऐंशीच्या पुढे नेला नाही. वाईपर्यंत कुठलीही रेघ पुन्हा दिसली नाही.

कुणी या भानगडीत पडू नये?

पॅनोरॅमिक सनरूफवाल्यांनी आधी गाडीचं मॅन्युअल वाचावं. आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही टपाचा मोठा भाग काचेचा असतो. सरकणाऱ्या काचेवर कप लावायचा विचारही नको. स्थिर काचेवर किंवा पत्र्यावर किती वजन चालेल याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, ती पाळा.

गाडीला रॅप किंवा पीपीएफ फिल्म लावली असेल तर कप पत्र्याला नाही, फिल्मला धरतो. फिल्म ज्या गोंदाने चिकटलीय त्याच्या भरवशावर सायकल न्यायची का, तुम्हीच ठरवा. पुन्हा रंगवलेल्या, पुटी भरलेल्या टपाचंही तेच.

ज्यांच्या सायकलचं पुढचं चाक नटांनी आवळलेलं आहे, त्यांना दर वेळी पाना घेऊन ते काढावं लागेल. या रॅकमध्ये सहसा चाक काढून फोर्क अडकवतात. क्विक रिलीज किंवा थ्रू-अॅक्सल असेल तर सोपं, पण थ्रू-अॅक्सलला योग्य मापाचा अडॅप्टर लागतो. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी ठेवा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि गडावर पोचल्यावर चाक आतच जात नाही.

आणि लेह-लडाखच्या रोड ट्रिपला, आठवडाभर सायकल टपावरच ठेवायची असेल, तर बोल्टचा रॅक घ्या. सक्शन रॅक लावून-काढून वापरायची वस्तू आहे. रात्रभर लावून ठेवायची नव्हेच. शिवाय कपाची कड नखाने उचलली की तो सुटतो, म्हणजे तुम्ही मिसळ खात असताना सायकल रॅकसकट जाऊ शकते.

उंचीचं विसरू नका

हा धोका हास्यास्पद वाटतो, पण फार खरा आहे. हॅचबॅक दीड मीटर उंच, वर सायकल एक मीटर. झाली अडीच मीटर. मॉलच्या बेसमेंटच्या तोंडाशी लोंबणारी पाटी बहुतेक ठिकाणी दोन मीटरच्या आसपासची असते. दिवसभराच्या राइडनंतर थकून घरी आलात, सवयीने पार्किंगमध्ये वळलात, की कप सुटोत न सुटोत, सायकल आणि टप दोन्ही गेले. आपल्या नेहमीच्या मॅप अॅपला तुमच्या टपावर काय आहे हे माहीत नसतं. ते खुशाल रेल्वेखालच्या बुटक्या बोगद्यातून नेईल.

माझा उपाय साधा आहे. मोबाइल होल्डरच्या वर एक चिठ्ठी: ‘वर सायकल आहे’. सायकल उतरली की चिठ्ठी काढायची.

निघण्याआधीची यादी (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

१. टप आणि कप ओल्या फडक्याने पुसा. मेणाचं पॉलिश, धूळ, झाडाचा चीक काहीही नको.
२. उठाव, जोड, सनरूफची कड यांपासून कप लांब. हाताने चाचपून बघा, नुसतं डोळ्याने नको.
३. पंप करा, दहा मिनिटं थांबा, मग रेघ बघा. दहा मिनिटांत रेघ दिसली तर जागा चुकली आहे, नुसतं पुन्हा पंप करून निघू नका.
४. प्रत्येक कपाचा मोबाइलने फोटो काढा. पुढच्या थांब्यावर तुलना करता येते, आणि ‘बघितलं होतं ना?’ हा वाद मिटतो.
५. सायकलच्या फ्रेमला मजबूत पट्टा बांधा आणि तो दारातून आत घेऊन सीटच्या पायाला वगैरे अडकवा. कप सुटला तरी सायकल रस्त्यावर जाता कामा नये.
६. मोबाइलवर पहिला टायमर पंधरा मिनिटांचा, नंतर दर अर्ध्या तासाचा. घाट चढण्याआधी आणि चढून झाल्यावर थांबायचंच.
७. वेग ऐंशीच्या आत. खूप वारा, मुसळधार पाऊस असेल तर सायकल घरी.
८. काढल्यावर कप झाकून सावलीत ठेवा. उन्हाने रबर कडक होतं आणि कडेला चिरा जातात. चीर दिसली की तो कप बाद.

मग घ्यायचा का?

महिन्यातून एक-दोनदा सिंहगड, लोणावळा, वाई असं जायचं, गाडीला रेल नाहीत, आणि वर लिहिलेली कटकट करायची तयारी आहे, तर रेघवाला, पंपाचा रॅक घ्या. तंत्र पक्कं आहे, फक्त ते लक्ष मागतं. ‘एकदा लावला की विसरा’ असं काही हवं असेल तर दांड्या बसवून बोल्टचा रॅक घ्या किंवा मागची सीट पाडून दोन्ही चाकं काढा आणि सायकल आत घाला. त्याला काही खर्च नाही.

आणि मित्राने टपावर सायकल लावलेली दिसली तर कंपनी कुठली, कितीला घेतला हे नंतर विचारा. आधी विचारा, “शेवटची रेघ कधी बघितलीस?” त्याला आठवत नसेल तर तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावा. मागे कुणीतरी टाकीवर पोराला बसवून येत असेल.